तिथे कोणी राहतं का?

हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौसेखातर बिनतारी रेडिओवर बोलणाऱ्यांची, जूनची व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या लहरींची) कॉन्टेस्ट होती, रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या नेब्रास्कात हायवे २० वर, व्हॅलेंटाईन गाव मागे टाकून पश्चिमेला, एका कुरणाच्या गेटापाशी गाडी लावून बसलो होतो आणि ६ मीटर बँड, म्हणजे तेवढ्या लांबीच्या लहरींचा पट्टा, एकदम उघडला. म्हणजे आधी कितीतरी वेळ नुसती खरखर, मी सीक्यू सीक्यू (कोणीही उत्तर द्या) करून घसा कोरडा केलेला, आणि पुढच्या मिनिटाला जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा सगळे एकावर एक कोसळले. अशा वेळी विचार करायला फुरसत नसते, कॉलसाईनचा, म्हणजे स्टेशनच्या सांकेतिक नावाचा, जो तुकडा कानात शिरेल तो पकडायचा, आपला ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं नाव, द्यायचा, त्याचा घ्यायचा, लॉग करायचं, पुढचा. त्यातला एक जण जॉर्जियाचा, आवाजावरून वय झालेला वाटला. मी डीएन ९२ दिला, त्याने परत म्हणून खात्री करून घेतली, स्वतःचा दिला आणि म्हणाला, थँक्स फॉर द ग्रिड. हे सगळेच म्हणतात. पण हा तिथेच थांबला नाही, मागे एवढे लोक ताटकळलेले असताना त्याने विचारलं, तिथे कोणी राहतं का? मी बटण दाबून बोललो, सोडलं, तर तो नव्हताच. त्याच्या जागी दुसराच कोणी दणदणीत सिग्नलने मला बोलावत होता. स्पोरॅडिक ई असंच असतं, शंभरेक किलोमीटर उंचीवर आयनांचा एक पातळ थर कुठूनसा तयार होतो, सतराशे किलोमीटरवरचा माणूस लख्ख ऐकू येतो आणि तो थर जरा सरकला की समोरचा अर्ध्या वाक्यात संपतो.

प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं हे मला पक्कं माहितीये. त्याच्या नकाशावर तो चौकोन कित्येक वर्षं रिकामा असणार आणि आज तिथून एक आवाज आला, तर त्याला वाटलं असेल की बाबा तिथे नक्की आहे तरी काय. मीही घरी बसून हेच केलंय. गाडीत रेडिओ घालून फिरायच्या आधी मी घरूनच खेळायचो, छोट्या टॉवरवर २ मीटर बँडचा बीम, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, खाली बेसमेंटमध्ये रेडिओ, आणि जानेवारीच्या कॉन्टेस्टला बाहेर बर्फ पडत असताना त्याच बँडच्या १४४.२०० मेगाहर्ट्झवर कान लावून तासन्‌तास बसणं. एरवी तिथे तीच ती ठरलेली चार-सहा स्टेशनं. त्यांच्याशी शनिवारी दुपारीच बोलून व्हायचं आणि मग उरायचा तो सगळा गोंगाट. अशात रविवारी कधीतरी त्या गोंगाटाच्या तळाशी काहीतरी हलायचं, बीम थोडा फिरवला की त्यातून शब्द सुटे व्हायचे, आणि कॉलसाईनच्या शेवटी ऐकू यायचं "रोव्हर". ते ऐकलं की मी खुर्चीत सरळ व्हायचो. कारण रोव्हर म्हणजे जिथे कोणीच नाही तिथे कोणीतरी गेलाय, आणि तासाभराने तोच माणूस शेजारच्या चौकोनातून परत बोलणार, नियमाने तो पुन्हा नवा धरला जाणार. हा माणूस ह्या थंडीत, कुठल्याशा टेकाडावर, बोटं बधिर झालेली असताना अँटेनाच्या वायरचा एन कनेक्टर पिळतोय आणि ते सगळं माझ्या नकाशावरचा एक चौकोन भरावा म्हणून, ह्या गोष्टीचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं, आता मी दुसऱ्या बाजूला आहे एवढंच.

हे चौकोन मेडनहेडचे. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी १९८० साली व्हीएचएफवाल्यांची बैठक झाली आणि तिथे ही पद्धत ठरली, अख्ख्या पृथ्वीचे ३२,४०० तुकडे, प्रत्येक २ अंश रेखांश रुंद आणि १ अंश अक्षांश उंच. आयोवा-नेब्रास्काच्या पट्ट्यात एक तुकडा साधारण १६५ किलोमीटर रुंद आणि १११ किलोमीटर उंच भरतो. आखणाऱ्याने खाली नदी आहे की शहर, काही बघितलेलं नाही आणि मला त्यातलं हेच फार आवडतं. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांवर असे ४८८ ग्रिड येतात, आणि ते सगळेच्या सगळे ६ मीटरवर पहिल्यांदा पूर्ण केले फ्रेड फिश ह्यांनी, त्यांच्याच नावाने आता अवॉर्ड आहे. ह्या ४८८ मध्ये काही तुकडे असे आहेत की अमेरिकेची जमीन त्यात जेमतेम शिरते. टेक्सासच्या बिग बेंडला रिओ ग्रांदे जिथे दक्षिणेला सगळ्यात खोल वळण घेते तिथे डीएल ८८ ची चिंचोळी पट्टी आहे, बाकी सगळा मेक्सिको. मिसिसिपीच्या मुखाशी दलदलीचं एक टोक ईएल ५८ मध्ये जातं. अशा ठिकाणी लोक बॅटऱ्या आणि अँटेना वाहून नेतात आणि देशभरातले लोक त्यांची वाट बघत रेडिओसमोर बसतात. मी तिथे गेलेलो नाही, पण कोणी जाणार असल्याचं कळलं की जेवण रेडिओच्या टेबलावर.

डीएन ९२ तितका अवघड नाही. हायवे जातो तिथून, गावं आहेत, पेट्रोल मिळतं. पण सॅन्डहिल्स म्हणजे जवळपास ५०,००० चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, वर गवत उगवलेलं, आणि त्यातली एकटी चेरी काउंटी अख्ख्या कनेटिकट राज्यापेक्षा मोठी. त्या कनेटिकटमध्येच न्यूइंग्टनला आमच्या ह्या कॉन्टेस्ट भरवणाऱ्या अमेरिकन रेडिओ रिले लीगचं मुख्यालय आहे, लोकसंख्या ३६ लाखांच्या घरात, आणि चेरी काउंटीत साडेपाच हजारांच्या आसपास. आम्ही पोचलो तेव्हा गवत अजून हिरवं होतं, वारा सुटला की टेकडीच्या टेकडी एका बाजूला झुकायची. दूर एक पवनचक्की पाणी उपसत होती, तिच्याभोवती काळी गुरं, आणि कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क ओरडत होता, इतका जवळ की माईकमधून पलीकडे नक्की गेला असणार. बायकोने इंजिन बंद केलं. मी मागचं दार उघडून प्लेट चाकाखाली सरकवली, तिने गाडी हातभर पुढे घेतली, चाक प्लेटवर चढलं आणि त्या प्लेटच्या नळीत मी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उभा केला. गाडीचं वजन हाच आमचा टॉवर.

हेडफोन लावला आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की खरखर कमी आहे. शहरात रेडिओ उघडला की कोणाचे सोलरचे इन्व्हर्टर, कोणाचे एलईडी दिवे, वीजतारांवरचा एखादा सैल इन्सुलेटर, सगळ्यांचा मिळून एक जाड थर बसलेला असतो आणि आपण त्याच्याखालून ऐकायची धडपड करत असतो. इथे तो थर नव्हताच. फक्त दर सेकंदाला एक टक्, टक्, टक्. आधी वाटलं आपल्याच बॅटरीच्या वायरिंगचं काही आहे, मग लक्षात आलं की कुरणाच्या विजेच्या कुंपणाचा झटका आहे तो, गुरांसाठी लावलेला. दोन टकांच्या मध्ये जी शांतता होती तशी मी आजवर रेडिओवर ऐकली नव्हती. बायकोला हेडफोन दिला तर ती म्हणाली, "अरे, पण ह्यात तर काहीच नाहीये." म्हटलं, तेच तर ऐक. तिने थोडा वेळ ऐकलं आणि परत देताना विचारलं, "मग आपण इथे कोणाशी बोलणार?"

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि रोव्हर म्हणून रस्ता ठरवताना सगळी ओढाताण ह्याच प्रश्नाची. २ मीटरवर गाडीतून, शंभरेक वॅट आणि बऱ्यापैकी बीम घेऊन, रोजच्या हवेत तीनशे-चारशे किलोमीटर निघतात, तेही पलीकडे मोठं स्टेशन असेल तर. सॅन्डहिल्सच्या मधोमध उभं राहून चारशे किलोमीटरचं वर्तुळ काढा, आत कितीसे लोक सापडणार. स्कोअरचा हिशोब वेगळंच सांगतो, शहरांच्या आसपास रहा, ग्रिड पटापट बदला, त्याच लोकांना पुन्हा पुन्हा नवा चौकोन द्या. आयोवात बेंटन काउंटीत, हायवे ३० च्या जरासं उत्तरेला, मक्याच्या शेतांत ४२ अंश अक्षांश आणि ९२ अंश रेखांश एकमेकांना छेदतात, तिथे चार ग्रिड एका बिंदूला भिडतात. नियम असा की नवा ग्रिड द्यायचा तर अख्खं स्टेशन अँटेनासकट किमान १०० मीटर हलवायचं. त्या भागात मैलामैलावर सरळ चौकोनी कच्चे रस्ते, त्यामुळे एका दुपारी चारही चौकोन सहज होतात. जवळच सीडर रॅपिड्स, १९३३ पासून कॉलिन्स रेडिओचं गाव, हॅम भरपूर. लॉग नुसता धावतो.

मी ते केलंय आणि त्यातही मजा आहे, खोटं कशाला बोलू. पण एकदा चौथ्या कोपऱ्यावर तिसऱ्यांदा तोच आवाज लॉग करताना वाटलं की हा ग्रिड ह्याच्या घरातूनच दिसतो, ह्याला मी नक्की काय देतोय? ह्याच्या पुढची पायरी म्हणजे रोव्हरच रोव्हरला धरून कोपऱ्याभोवती फिरायचे, मायक्रोवेव्हच्या एकेका बँडवर आपापसात पॉइंट वाटायचे, बाहेरच्या कोणाला त्याचा पत्ताही नसायचा. त्यावरून इतके वाद झाले की शेवटी नियमात रोव्हरचे तीन वर्ग पडले, साधा, लिमिटेड आणि अनलिमिटेड, आणि पहिल्या दोघांना एकाच दुसऱ्या रोव्हरशी १०० पेक्षा जास्त कॉन्टॅक्ट धरता येत नाहीत. मला ते योग्यच वाटलं. रोव्हर घराबाहेर पडतो तो घरी बसलेल्यांसाठी. हे वाक्य मी मित्रांना ऐकवायचो आणि त्याच कोपऱ्यावर एका पोराने मला गप्प केलं. नुकतंच लायसन्स मिळालेलं, हातात साधा एफएम हॅन्डी, म्हणजे मुठीत मावणारा रेडिओ, आवाज थोडा कापरा. आम्ही मुद्दाम व्हर्टिकल अँटेना एफएमला जोडून हाक मारली होती, कारण बाकी आमचं सगळं एसएसबीचं, म्हणजे लांबवर आवाज पोचवायच्या वेगळ्या पद्धतीचं, आडव्या अँटेनांवर, आणि उभ्या हॅन्डीला ते जवळजवळ बहिरेच. त्या पोराला दुपारभरात चार चौकोन मिळाले. चौथ्याला त्याने इतक्या जोरात थँक्यू म्हटलं की ऑडिओ फाटला. आता त्याला कोण सांगणार की हे ग्रिड सोपे आहेत म्हणून? त्याच्या आयुष्यातले ते पहिले चार होते.

तरी माझा ओढा पश्चिमेलाच राहिला. हायवे २० ची एक गंमत आहे, तो ४२ आणि ४३ अक्षांशांच्या मधून आडवा जातो, त्यामुळे डब्यूककडून निघालं की ईएन ४२, ईएन ३२, ईएन २२, सू सिटीला ईएन १२, ओनीलला ईएन ०२ आणि मग डीएन ९२, सगळे दोनावर संपणारे, एका रांगेत. जसजसं पश्चिमेला जाऊ तसतसा मका कमी होतो, गवत वाढतं, २ मीटरवरचे आवाज एकेक करून मागे पडतात. ओनीलच्या अलीकडे एका चढावर आयोवातलं एक मोठं स्टेशन मिळालं होतं, १४४ वर ठीकठाक ऐकू येत होतं. ते म्हणाले चला, बाकीचे बँड चालवू. मग २२२, मग ४३२. बँड जितका वरचा तितका बीम अरुंद, म्हणून मी गाडीबाहेर उभा राहून मास्ट हाताने फिरवतोय, हेडफोनची वायर खिडकीतून ताणलेली, ४३२ वर काही नाही, काही नाही, थोडा डावीकडे, आणि एका जागी गोंगाटाचा पोतच बदलला. अजून आवाज नाही, शब्द नाही, पण तिथे कोणीतरी आहे हे मनगटाला कळलं. बोटभर अजून फिरवलं आणि ग्रिडची चार अक्षरं वर आली. मी मास्ट धरूनच ओरडून उत्तर दिलं, माईक बायकोने तोंडापाशी धरला होता. हे जे मनगटाला कळतं ना, त्यासाठी मी कितीही गाडी चालवायला तयार आहे. म्हणजे बायको चालवते, पण तेच.

मग एफटी८ चं, म्हणजे आवाजाऐवजी कॉम्प्युटरने छोटे मेसेज पाठवायच्या पद्धतीचं काय, असं विचाराल. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके ह्यांनी तो आणला, जो टेलर म्हणजे तेच, बायनरी पल्सारच्या शोधासाठी ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पंधरा सेकंद एकाने पाठवायचं, पंधरा सेकंद दुसऱ्याने, आणि कानाला जिथे काहीच ऐकू येत नाही तिथून लॅपटॉप कॉलसाईन बाहेर काढतो. रोव्हरला ह्याचा उपयोग किती आहे हे मी नाकारणार नाही, ओसाड ग्रिडमध्ये ६ मीटरच्या ५०.३१३ वर बसलं तर लॉग रिकामा राहत नाही. मी पण लॅपटॉप नेतो, जीपीएसवरून घड्याळ लावतो, उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊन बसतो. पण आता बँड उघडला की बहुतेक सगळे तिथेच जमतात आणि आवाजाच्या भागात अर्धा अर्धा तास कोणी फिरकत नाही. एफटी८ चा एक मेसेज म्हणजे ७७ बिट्स, त्यात दोन कॉलसाईन आणि ग्रिड चपखल बसतात. त्या जॉर्जियाच्या माणसाशी माझा कॉन्टॅक्ट तिथे झाला असता तर ग्रिड त्यालाही मिळाला असता आणि पॉइंट मलाही. तो प्रश्न मात्र आला नसता. तो प्रश्न यायला माणसाने क्षणभर कॉन्टेस्ट विसरून, मागची रांग विसरून, उगाच बोलावं लागतं, आणि त्याला आवाजच लागतो. ही गोष्ट घरी परत येताना माझ्या डोक्यात आली आणि मग गेलीच नाही.

त्याला मी काय उत्तर देत होतो? बहुतेक "हो, थोडे लोक राहतात" असलंच काहीतरी. पण त्याच दिवशी, बँड शांत झाल्यावर, एक पिकअप आमच्याजवळ येऊन थांबली. त्या रस्त्यावर येणारी जाणारी प्रत्येक गाडी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून आम्हाला नमस्कार करून गेली होती, ही थांबली. आतला माणूस साठीच्या पुढचा, हॅट, हातांवर गवताचे ओरखडे. गाडी बंद पडली का, काही हवंय का, एवढंच विचारलं. गेट त्याचंच होतं. मी म्हटलं हॅम रेडिओ आहे, स्पर्धा चालू आहे, तुमच्या गेटसमोर थांबलोय, हरकत नाही ना. त्याने अँटेनाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, इथून कोण ऐकतं? मी लॉग दाखवला, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा. तो उतरला. एवढ्यात स्पीकरवर कोणीतरी परत वर आलं, आता नॉर्थ कॅरोलायना, मी ग्रिड दिला, त्याने घेतला, थँक्स फॉर द ग्रिड. कशाबद्दल थँक्स म्हणतोय, ह्याने विचारलं. मी त्याला नकाशा दाखवला, हा चौकोन, ह्याच्यात तुमची जमीन. त्याने बोट ठेवून कडा बघितल्या, पश्चिमेची कड कुठे येते ते विचारलं, आणि म्हणाला मग माझ्या भावाचं रँच पलीकडच्यात जातं. मी बघितलं तर खरंच, डीएन ८२. त्याचं त्याला फार हसू आलं. जाताना सांगून गेला की पुढच्या टेकडीवर जायचं असेल तर गेट उघडून जा, फक्त मागे बंद करा, गुरं आहेत.

आम्ही त्या टेकडीवर गेलो. रस्त्यापेक्षा पंचवीस-तीस मीटर उंच असेल, पण २ मीटरवर साउथ डकोटातलं एक स्टेशन तिथून ऐकू आलं जे खालून अजिबात येत नव्हतं.

आता पुढच्या जूनचा रस्ता आखायला घेतलाय. ह्यावेळी उलट दिशेने, शनिवारी दुपारी बाराला, तिथल्या माउंटन टाईमने, चॅड्रनजवळ डीएन ८२ मध्ये सुरुवात, म्हणजे १८०० यूटीसीला (जागतिक वेळेने), कॉन्टेस्ट सुरू होताच, पहिली हाक तिथूनच जाईल, आणि मग रविवार रात्रीपर्यंत पूर्वेला सरकत यायचं. प्रत्येक ग्रिडमध्ये थोडा वेळ लॅपटॉपला आणि उरलेला आवाजाला अशी वाटणी केलीये. आवाजाच्या वेळेत लॅपटॉप बंद, ५०.१२५ च्या आसपास बसायचं, कोणी काही विचारलं तर ग्रिडच्या पुढेही बोलायचं, मागे रांग असली तरी. डीएन ८२ ला आवाजासाठी एक तास लिहिला होता. बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, तासाने काय होणार, लोकांना कळेपर्यंत आपण निघालेलो असू. दोन केलेत. त्यामुळे ईएन २२ पर्यंत पोचणं जमणार नाही, तो ह्यावेळी सोडलाय.